न विचारता नेलेली यादी

सर प्रत्येक गोष्टीला कुलूप लावायचे आणि किल्ली त्याच कुलपाशेजारी खिळ्याला अडकवायचे. पाण्याच्या पिंपाला कुलूप, पुस्तकांच्या कपाटाला कुलूप, सायकलीला दोन कुलपं, जेवणाच्या डब्यालासुद्धा बोटाच्या पेराएवढं पितळी कुलूप. नवा माणूस आधी हसायचा, मग सरळ किल्ली काढून पाणी प्यायचा. तिथे सर त्याला धरायचे.

"विचारलंत का?"

"किल्ली समोरच आहे की, सर."

"किल्ली समोर आहे. मीही समोरच आहे. विचारलंत का?"

विचारलं की सर कधी नाही म्हणायचे नाहीत. भाकरी मागितली तर अर्धी मोडून द्यायचे, पुस्तक मागितलं तर वर वाचायला चष्मासुद्धा पुढे करायचे. एकदा मी वैतागून म्हणालो, "सर, द्यायचंच असतं तर कुलूप कशाला?" ते म्हणाले, "कुलूप अडवायला नसतं रे. विचारायला लावायला असतं." मी तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांचा होतो. मला हे वाक्य हुशारीचं वाटलं, खरं वाटलं नाही. ते खरं आहे हे मला कळेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, आणि ते मीच केलं होतं.

शहापुरात आमचा कॉम्प्युटर क्लास भाताच्या गिरणीच्या माडीवर होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सरांनी वीसेक वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवून नोकरी सोडली आणि दोन कॉम्प्युटर आणले. गावात म्हणत, मास्तरचं डोकं फिरलं. खाली गिरणी सुरू झाली की माडीची जमीन थरथरायची, आणि कोंडा फटीफटीतून वर यायचा. दर शनिवारी आम्ही कीबोर्ड उलटे करून थापटायचो, तेव्हा टेबलावर कोंड्याची रांगोळी पडायची. मी आसनगावचा. डिप्लोमा झाला होता, नोकरी लागत नव्हती. सरांनी मला शिकवायला ठेवून घेतलं.

यादी सुरू झाली ती त्या गिरणीमुळे. शिकवता शिकवता सर मध्येच थांबायचे, वास घ्यायचे आणि म्हणायचे, "हे भात वेगळं आहे." मग जिना उतरून खाली. सापगावची, खर्डीकडची, किन्हवलीकडची माणसं पोती घेऊन उभी असायची. सर मूठभर भात हातावर घ्यायचे आणि प्रश्न सुरू. नाव काय, हळवं की गरवं, म्हणजे लवकर येणारं की उशिरा, किती दिवसांत तयार होतं, खाचरात लावता की माळावर, बी कुणाकडून आलं. बहुतेक पुरुषांना शेवटच्या प्रश्नाचं उत्तर यायचं नाही. "ते घरात इचारा, बाईला ठावं," असं म्हणायचे. म्हणून सर त्यांच्या घरी जायचे. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतली जवळजवळ दीडशे घरं त्यांनी अशी पालथी घातली. मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेत बैलबाजाराच्या कडेला, घोंगड्यांच्या दुकानाशेजारी सतरंजी टाकून वही उघडून बसायचे. बैल बघायला आलेली माणसं थांबायची.

"काय इकतो, मास्तर?"

"काही नाही. लिहितोय."

"नुसतं लिवायला बसलाय जत्रेत? थंडी नाय वाजत?"

"वाजते. तुमच्याकडे भात कुठलं?"

वहीतलं सगळं मी कॉम्प्युटरवर चढवायचो. सरांनी फॉक्सप्रोत त्यासाठी प्रोग्रॅम लिहिला होता. भाताचं नाव, दिवस, जमीन, गाव, आणि शेवटचा रकाना 'सांगणारी'. त्यात त्या बाईचं पूर्ण नाव. तो रकाना रिकामा असेल तर प्रोग्रॅम नोंद घ्यायचाच नाही.

प्रोग्रॅम आणि यादी या दोन गोष्टी सर अगदी वेगळ्या मानायचे. प्रोग्रॅम कुणीही मागितला तर मूळ लिखाणासकट द्यायचे. अट एकच होती. वरच्या चार ओळींत कुणी लिहिला, कधी लिहिला हे होतं, ते काढायचं नाही. बदल केला तर खाली आपलं नाव घालायचं. कल्याणच्या एका क्लासवाल्याने त्या चार ओळी उडवून प्रोग्रॅम स्वतःचा म्हणून वाटायला सुरुवात केली. सरांनी त्याला पोस्टकार्ड टाकलं, 'आपण माझ्या चार ओळी काढल्या आहेत. कृपया परत घालाव्यात.' उत्तर नाही. पुढच्या सोमवारी तेच कार्ड. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा. शब्द तेच, शाई तीच. मी म्हणालो, "सर, सोडा ना आता." ते म्हणाले, "मी सोडलं तर त्याला वाटेल त्या ओळी फुकट होत्या." चौदाव्या कार्डानंतर तो माणूस स्वतः आसनगावला उतरून, टमटमने क्लासवर आला आणि हात जोडून म्हणाला, "घातल्या ओळी, सर. आमचा पोस्टमन दर आठवड्याला मोठ्याने वाचून दाखवतो हो दुकानात." सरांनी त्याला चहा पाजला.

यादीचं मात्र तसं नव्हतं. "प्रोग्रॅम माझ्या डोक्यातला, तो मी देईन. यादी माझी नाही, मी फक्त लिहिली," असं ते म्हणायचे. यादी ते फ्लॉपीवर द्यायचे, पण देण्याआधी समोरच्याला खुर्चीत बसवून एक कागद वाचून दाखवायचे. सांगणाऱ्या बाईचं नाव यादीतून काढणार नाही. यादी पुढे दिली तर कुणाला दिली ते कळवीन. यातलं बी माझं आहे असं कुठे म्हणणार नाही. प्रत्येक वाक्यानंतर थांबायचे, समोरच्याने 'कबूल' म्हणेपर्यंत. तहसील कचेरीतला एक कारकून एकदा वैतागून म्हणाला, "सर, फ्लॉपी देताय का मुलगी?" सर म्हणाले, "मुलगी दिली तर ती स्वतः पत्र लिहील, सुखी आहे का ते. फ्लॉपी लिहीत नाही." आणि पुढचं वाक्य वाचलं.

फ्लॉपीवर सगळी यादी नसायची. अकरा नोंदी सरांनी बाहेर ठेवल्या होत्या, कारण त्या सांगणाऱ्यांनी तसं सांगितलं होतं. एकीच्या घरात भावकीत बांधावरून वाद होता, एकीचं शेत वनखात्याच्या जागेत होतं. आणि एक मुरबाडकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची बाय होती. तिच्याकडे तांबसाळ नावाचं तांबडं भात होतं, बाळंतिणीला पेज द्यायचं. ते बी दोनच घरांत उरलं होतं. त्या पाड्यावर रीत अशी की दारात बी मागायला कुणी आलं तर त्याला रिकामं पाठवायचं नाही. बाय म्हशाच्या जत्रेत सरांना म्हणाली होती, "नाव लिव मास्तर, पन कुठं हाय ते नको सांगू. मागायला आलं त नाय म्हनता येत नाय. आनि देत बसलं त पेरायला रात नाय." सर म्हणाले, "नाही सांगणार." त्यांनी तिला तेवढा एक शब्द दिला होता, आणि त्यावर तिने सगळं सांगितलं होतं.

संपूर्ण यादी क्लासमधल्या एका कॉम्प्युटरवर होती. तिचा पासवर्ड दोघांनाच माहीत होता, सरांना आणि मला.

एका उन्हाळ्यात सर चार दिवस परगावी असताना बियाण्यांच्या एका कंपनीचा माणूस आला. स्वच्छ बूट, शांत बोलणं. त्याने फ्लॉपी कुठूनतरी मिळवून पाहिली होती, आणि त्यात सगळं नाही हे त्याच्या लक्षात आलं होतं. दोन तास माझ्याशी बोलत बसला. एवढं मोठं काम या कोंड्यात सडतंय म्हणाला. ठाण्याला त्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटर जाणणाऱ्या माणसाची जागा आहे म्हणाला. मला कुणी असं विचारलं नव्हतं कधी. सरांच्या 'कबूल, कबूल'ची मला तेव्हा लाज वाटायला लागली होती. मी दोन फ्लॉप्यांवर पूर्ण यादी उतरवून दिली. कागद वाचला नाही.

जाताना त्याने विचारलं, "त्या डोंगरातल्या बायका बोलतील का आमच्याशी?"

मी म्हणालो, "सरांचं नाव सांगा. सरांनी पाठवलंय म्हणा, काम होईल."

ठाण्याची जागा मला मिळाली नाही. मिळाली असती तर हे वाईट ठरलं असतं आणि न मिळाल्याने कमी वाईट ठरलं, असं काही नाही.

पावसाळा गेला, कापणी झाली, आणि कृषी कार्यालयातल्या सरांच्या एका मित्राने त्यांना कंपनीचं रंगीत पुस्तक आणून दिलं. उत्तर कोकणातील पारंपरिक भातं, आमच्या संग्रहात. सर उभ्या उभ्या वाचत होते. एकदम हसायला लागले. इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. खालचा गिरणीवाला जिन्यात येऊन विचारू लागला, "काय झालं मास्तरांना?"

सरांनी पुस्तक माझ्यापुढे धरलं. "हे वाच."

'दवणसाळ. उत्कृष्ट सुगंध. आमच्या प्रक्षेत्रावरील चाचणीत भरघोस उत्पन्न. स्थानिक शेतकऱ्यांची पहिली पसंती.'

"चांगलं आहे की," मी म्हणालो.

"चांगलं आहे. पण असं भातच नाही." सर म्हणाले, "ते मी रचलंय. यादीच्या प्रत्येक प्रतीत मी एक खोटं भात घातलंय, प्रत्येकीत वेगळं. कुठली प्रत कुठून बाहेर गेली ते कळावं म्हणून. तहसीलच्या प्रतीत एक, शाळेच्या प्रतीत एक. यांनी या भाताची चाचणीसुद्धा घेतली, बघ!"

पुन्हा हसले. आणि मग हसणं थांबलं. दवणसाळ कुठल्या प्रतीत होती हे त्यांना आठवायला तेवढा वेळ लागला असावा. ते माझ्याकडे बघत राहिले. खाली गिरणी चालू होती, टेबलावरची पेन्सिल थरथरून पुढे सरकत होती.

"ही क्लासच्या प्रतीतली," ते म्हणाले.

"मी दिली, सर."

"सगळी?"

"सगळी."

मला वाटलं, आता हाकलतील. ओरडले असते तरी बरं वाटलं असतं. सरांनी वही काढली, अकरा नावं एका कागदावर उतरवली आणि कागद माझ्यापुढे ठेवला. "यांना मी शब्द दिला होता. तो मोडला हे त्यांना दुसऱ्याकडून कळता कामा नये. उद्यापासून जायचं. तूही."

कंपनीचं त्यांनी वेगळ्या पद्धतीने बघितलं. रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं, 'कृपया दवणसाळीचं एक किलो बियाणं पाठवावं.' उत्तर आलं, साठा संपला आहे. सरांनी पुन्हा लिहिलं, 'पुढच्या हंगामासाठी नोंदवून ठेवावं.' नोंदवलं आहे असं उत्तर आलं. मग तिसरं पत्र गेलं, की हे भात मी माझ्या टेबलावर बसून रचलं आहे, आणि आपली दोन्ही उत्तरं सोबत जोडली आहेत. प्रत तालुका कृषी कार्यालयाला. पुस्तकाच्या पुढच्या छपाईत आमच्या दोन तालुक्यांतलं एकही भात नव्हतं. सरांना याचा फार आनंद झाला नाही. "छापलेलं काढता येतं. अकरा घरांचं तसं नाही," म्हणाले.

तीन आठवडे आम्ही फिरत होतो. मिळेल तिथे एसटी, नाहीतर पायी. प्रत्येक ओट्यावर सर बसायचे, पाणी घ्यायच्या आधी सांगायचे, "तुम्ही बाहेर सांगू नका म्हणालात. माझ्याकडून ते बाहेर गेलं. नोंद ठेवू की काढू?" माझं नाव घ्यायचे नाहीत. मी त्यांच्या मागे पिशवी धरून उभा. एकीने भांडण काढलं, एक रडली, दोघींना आपण काय सांगितलं होतं तेच आठवत नव्हतं. चौघींनी नोंद काढायला लावली. कुणी काही विचारलं की सर म्हणायचे, "यादी माझ्याकडे होती, जबाबदारी माझी." दर वेळी मला वाटायचं, आता बोलावं. दर वेळी मी पुढच्या घराचा विचार करायचो. यादी मी दिल्याचं सरांना माहीत होतं, पण त्यांचं नाव सांगा म्हणालो होतो ते माहीत नव्हतं.

अकरावं घर डोंगरातल्या पाड्यावरचं. मुरबाडहून एसटीने शेवटचा थांबा आणि तिथून दीड तास चढ. सरांना दम लागत होता, पण ते बसले नाहीत. अंगणात बाय नागली पाखडत होती. आम्हाला बघून तिने सूप खाली ठेवलं नाही.

"बाय, बसू का?" सरांनी विचारलं.

"बस नायतर उभा रा. आनखी काय न्यायला आलास?"

सर उभेच राहिले. "काय झालं?"

"ठावं नाय तुला? उन्हाळ्यात जीप आली खालच्या वाटंनं. मी नव्हती घरात. तांबसाळ मागलं. सूनबायनं इचारलं, कोनी धाडलं? त म्हनं मास्तरांनी धाडलं. तुजं नाव घेतलं म्हनून तिनं कनगी खोलली. मूठ-पसा नाय, तीन पायली नेलं. एक पायली रायलं. यंदा जे पिकलं ते सगळं ब्याला ठेवलंय. खायाला दाना नाय." ती आत बघून म्हणाली, "हिला मी तवापासून बोलते."

दारात सून उभी होती.

सरांचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. ते गोंधळले होते. आपलं नाव तिथे कसं पोचलं हे ते मनातल्या मनात शोधत होते, आणि त्यांना सापडत नव्हतं. मग त्यांनी शोधणं सोडून दिलं आणि म्हणाले, "बाय, यादी माझ्याकडून गेली. दोष माझा आहे."

"आनि नाव? नाव बी तूच दिलंस त्यांला?"

सर खाली बघत राहिले. 'नाही' एवढा एक शब्द त्यांना म्हणता आला असता. त्यांनी म्हटला असता, तर पुढचा प्रश्न माझ्याकडे आला असता. म्हणून त्यांनी म्हटला नाही असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं.

"नाव मी दिलं," मी म्हणालो.

बायने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तू कोन?"

"यांच्याकडे कामाला आहे. यादी मीच टाइप केली, मीच त्यांना दिली. सरांनी पाठवलंय म्हणून सांगा, असं मीच म्हणालो. नाव सांगितल्याचं सरांना माहीत नव्हतं."

"कवापतूर ठावं नव्हतं?"

"आत्तापर्यंत."

आतून सून म्हणाली, "मी काय सांगत व्हती आये? मास्तर तसा नाय. तवापासून ऐकून घेते मी."

"गप गो." पण बायचा आवाज उतरला होता. तिने सूप खाली ठेवलं आणि सरांना म्हणाली, "बस मास्तर. धाप लागली तुला." सर बसले. मला कुणी बस म्हणालं नाही.

सरांनी पाणी घेतलं, तांब्या खाली ठेवला आणि विचारलं, "नोंद काढून टाकू का, बाय?"

ती पायाने माती उकरत राहिली. "काढून काय व्हईल? नेलं ते नेलं. त्यांच्या कागदात ते त्यांचं म्हनून लिवतील. तुज्या कागदात माजं हाय, ते रावं." मग माझ्याकडे बोट केलं. "माजं नाव लिवलंस ना त्यात, सांगनारी म्हनून?"

"हो."

"मग याचं बी लिव. नेनारा म्हनून. मी सांगलं ते जगाला कळतं, यानं नेलं ते बी कळू दे."

सर माझ्याकडे बघत होते. त्यांनी मला काही सुचवलं नाही, वाचवलंही नाही. मी म्हणालो, "लिहितो."

आम्ही डोंगर उतरलो. एसटीच्या थांब्यावर दगडावर बसलो तेव्हा सरांनी विचारलं, "रकान्याचं नाव काय ठेवशील?"

"नेणारा."

"किती अक्षरांची जागा?"

"पंचवीस पुरतील."

"पन्नास ठेव. गावासकट पूर्ण नाव बसलं पाहिजे." आणि जरा वेळाने, "तुला तिथे बोलायला अकरा घरं लागली."

"हो, सर."

"बाराव्याची वाट बघितली नाहीस, हे बरं केलंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यादीत तो रकाना वाढवला. सर मागे खुर्ची टाकून बसले होते. तांबसाळीच्या नोंदीत मी माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि गाव लिहिलं. सरांनी एकदा वाचून बघितलं, 'आसनगाव' लिहिताना राहून गेलेला काना दाखवला. मग तहसीलला, शाळेला, ज्यांना ज्यांना यादी दिली होती त्या सगळ्यांना आम्ही नवीन प्रती नेऊन दिल्या. आता यादीत तांबसाळ होती, कारण बायनेच तसं सांगितलं होतं, फक्त पाड्याचं नाव नव्हतं. सर कागद वाचत, मी शेजारी बसलेला असे.

पुढच्या पावसाळ्यात मी आवणीला, भाताची रोपं लावायला, पाड्यावर गेलो आणि त्याच्या पुढच्याही. बाय माझ्याशी पहिल्या वर्षी बोलली नाही. दुसऱ्या वर्षी म्हणाली, "रोपं जरा जवळ लाव, हात लांब पडतो तुजा." तिसऱ्या वर्षी तिच्या कणगीत खायला उरेल एवढी तांबसाळ होती.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. फ्लॉप्या गेल्या, सीड्या गेल्या, गिरणीच्या जागी मोबाईलचं दुकान आलं. यादी माझ्याकडे आहे. महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी मागतं, कुणी संशोधन करणारं, कुणी शेती करणारं, कुणी नुसतं उत्सुक. मी कागद वाचून दाखवतो आणि मग पाठवतो. 'नेणारा' या रकान्यात आजही एकच नाव आहे. एकदा एका विद्यापीठातल्या बाईंनी सुचवलं की हा रकाना अनावश्यक आहे, काढला तर यादी सुटसुटीत दिसेल. मी काढला नाही.

अधूनमधून फोन येतो. समोरचा माणूस जरा चाचरत विचारतो, की तांबसाळीपुढे हे नाव कुणाचं, या माणसाने काय केलं होतं. मी म्हणतो, "तो मीच," आणि काय केलं होतं ते सांगतो. काही जण गडबडून फोन ठेवतात. जे ठेवत नाहीत, त्यांच्याशी मी तांबसाळीबद्दल बोलतो.